सी ड्राइव्ह कुठंय, मॅडम?

दरवर्षी नवी बॅच लॅबमध्ये आली, लिनक्स सुरू केलं, की दहा मिनिटांत कुणीतरी विचारतंच, "मॅडम, सी ड्राइव्ह कुठंय?" नाहीच तो. एक तिरकी रेघ आहे, तिला रूट म्हणायचं. बाकी सगळ्या फांद्या तिथूनच फुटतात. पेनड्राइव्ह लावला तरी तो नवं अक्षर मिरवत नाही, त्याच झाडाची एक फांदी होतो.

मग तक्रार नावांची. ईटीसी, व्हार, यूएसआर, ही काय नावं झाली? गोबोलिनक्स नावाचं लिनक्स बनवणाऱ्यांनी प्रोग्रॅम्स, यूझर्स, सिस्टिम अशी सरळ नावं देऊन पाहिली. जुनी नावं त्यांनाही पडद्याआड ठेवावीच लागली, नाहीतर निम्मे प्रोग्रॅम रस्ता चुकले असते. अठरा वर्षं लॅब सांभाळल्यावर माझं मत असं, की नावांना हात लावू नका. आतली मांडणी शिकवा.

ही मांडणी वस्तूच्या स्वभावावर आहे. माणूस ठरवतो त्या सेटिंग्ज ईटीसीत, मुलांचं काम होममध्ये, चालता चालता आपोआप वाढतं ते व्हारमध्ये. एकदा प्रॅक्टिकल परीक्षेच्या सकाळी सर्व्हरवरचा डेटाबेस गप्प. एका प्रोग्रॅमने रात्रभर एकच चुकीची ओळ लिहून व्हारमधला लॉग तुडुंब भरला होता. फाइल पुसली तरी जागा सुटेना, कारण तो बाबा ती अजून धरून बसलेला. त्याला थांबवल्यावर सुटली. व्हारचं पार्टिशन वेगळं होतं, म्हणून होममधल्या मुलांच्या फायलींना धक्का लागला नाही.

यूएसआरची गोष्ट मात्र गमतीची. लिनक्सचा पूर्वज युनिक्स जिथं घडला, त्या बेल लॅब्जमध्ये सत्तरच्या दशकात तिथं वापरणाऱ्यांची घरं होती. युनिक्सचे एक जनक केन थॉम्पसन यांचंही. पहिली डिस्क भरली, तसे सिस्टिमचे प्रोग्रॅम शेजारच्या डिस्कवर, यूएसआरमध्ये घुसले. डिस्का मोठ्या झाल्या, तरी काही आज्ञा रूटखालच्या बिन फोल्डरमध्ये आणि काही यूएसआरच्या बिनमध्ये, ही वाटणी चाळीसेक वर्षं टिकली. फेडोरा लिनक्सने 2012 मध्ये ती मोडली, डेबियनने 2023 च्या बाराव्या आवृत्तीत हे मोडणं पक्कं केलं. आणि कशी मोडली पाहा: बिन हे नाव जागेवर ठेवलं, फक्त तिथून एक बाण, म्हणजे सिम्बॉलिक लिंक, यूएसआरकडे वळवला. जुन्या स्क्रिप्टला घर हलल्याचा पत्ताही नाही. रूटची यादी काढून तो बाण मी मुलांना बोटाने दाखवते.

परीक्षेत प्रश्न येतो, 'यूएसआरचा पूर्ण अर्थ लिहा.' गाइडात उत्तर छापलेलं असतं: युनिक्स सिस्टिम रिसोर्सेस. हे मागाहून जुळवलेलं. मूळ शब्द नुसता यूझर. तपासताना मी दोन्हींना गुण देते. एका मुलीने मात्र यंदा उत्तरासमोर तो बाणच काढला होता.