सरोवरातला राक्षस आणि त्याचे मालक

अंधश्रद्धा ही अडाणी माणसाची मिरास आहे, असा आपल्याकडील सुशिक्षित वर्गाचा ठाम समज आहे. गावच्या डोहात आसरा राहतात असे सांगणारी म्हातारी त्याला हास्यास्पद वाटते. परंतु स्कॉटलंडमधील लॉख नेस सरोवरात प्रचंड प्राणी दडला आहे असे कोणी म्हणताच हाच वर्ग गंभीर चेहरा करून 'काही तथ्य असेलही' असे पुटपुटतो. (२१ सप्टेंबर १९९५ रोजी गणपतीला दूध पाजण्यासाठी चमचे घेऊन उभे राहिलेल्यांत पदवीधर काही कमी नव्हते.) म्हातारीच्या आसरा निदान कोणाच्या मालकीच्या नव्हत्या. लॉख नेसच्या राक्षसाला मात्र आरंभापासून मालक मिळाले.

संत कोलंबाने सहाव्या शतकात नेस नदीतील श्वापद पिटाळल्याची कथा प्राचीन पुरावा म्हणून पुढे केली जाते. ती लिहिली गेली संताच्या मृत्यूनंतर सुमारे शंभर वर्षांनी, आणि तसल्या कथा कोणत्या संताच्या चरित्रात नसतात? आजचा राक्षस जन्मला तो २ मे १९३३ रोजी, 'इन्व्हर्नेस कूरियर' या स्थानिक पत्राच्या स्तंभात. त्या वर्षाच्या आरंभी ब्रिटनमध्ये सुमारे ३० लाख कामगार बेकार होते. लंडनच्या वृत्तपत्रांनी बातमीदार धाडले, एका सर्कसवाल्याने राक्षस जिवंत पकडणाऱ्यास २०,००० पौंडांचे इनाम लावले, आणि 'डेली मेल'ने वेदरेल नावाचा शिकारीच नेमला. त्याला डिसेंबरात काठावर पावलांचे ठसे सापडले! जानेवारी १९३४ मध्ये संग्रहालयातील प्राणिशास्त्रज्ञांनी निर्वाळा दिला, की ते पाणघोड्याच्या वाळवलेल्या पायाचे, म्हणजे दिवाणखान्यातील शोभेच्या वस्तूचे ठसे आहेत. त्याच महिन्याच्या १५ तारखेस त्याच पत्राचे मालक लॉर्ड रॉदरमिअर यांनी मोस्लेच्या काळ्या डगलेवाल्या फॅसिस्टांचा जयजयकार करणारा लेख स्वतःच्या नावाने छापला. एकाच गल्ल्यावर दोन्ही माल विकले जात होते.

फजितीने धंदा थांबला नाही. २१ एप्रिल १९३४ रोजी त्याच 'डेली मेल'ने पाण्यातून वर आलेल्या मानेचे ते जगप्रसिद्ध छायाचित्र प्रसिद्ध केले. त्यावर मोहोर होती लंडनच्या एका शल्यविशारदाची, कारण सभ्य गृहस्थाच्या शब्दाला साक्षीपुराव्याची गरज नसते. ती मान म्हणजे खेळण्यातल्या पाणबुडीवर बसविलेले घडीव डोके होते, आणि ते वेदरेलच्या सावत्र मुलाने बनविले होते, हे उघड व्हायला १९९४ साल उजाडले. तोवर दोन पिढ्यांचे खप वसूल झाले होते.

विज्ञानाचा निकाल साधा आहे. हे सरोवर सुमारे १०,००० वर्षांपूर्वीपर्यंत बर्फाखाली होते. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी नष्ट झालेला सागरी सरपटणारा प्राणी तेथे तग धरेल कसा? २०१८ मध्ये न्यूझीलंडचे प्रा. नील गेमेल यांनी पाण्याचे नमुने घेऊन त्यांतील डीएनए तपासला. सरपटणाऱ्या प्राण्याचा मागमूस नव्हता. ईल माशांचा मात्र सुकाळ होता. तरीही ऑगस्ट २०२३ मध्ये ड्रोन आणि ध्वनियंत्रे घेऊन पुन्हा मोठी शोधमोहीम निघालीच.

यात बिघडले काय, चार माणसांचे पोट भरते, असा युक्तिवाद केला जातो. पोट भरते हे खरे. पण ज्या डोंगराळ प्रदेशाला हा राक्षस ओळख म्हणून चिकटविला गेला, त्या हायलँड्सला स्वतःचा इतिहास आहे. मेंढ्यांच्या कुरणांसाठी तेथील कुळांना पिढीजात जमिनींवरून हुसकावण्यात आले. एकट्या सदरलंड परगण्यात १८१४ ते १८२० या काळात १५,००० माणसांना कसे उठविले, त्यांची खेडी कशी जाळली, हे मार्क्सने 'कॅपिटल'च्या पहिल्या खंडात नोंदविले आहे. त्यांचे वंशज कॅनडात आणि ग्लासगोच्या चाळींत विखुरले. प्रवाशाच्या हाती येणाऱ्या हिरव्या मऊ बाहुलीवर यातले काहीही लिहिलेले नसते. स्कॉटलंडच्या खाजगी ग्रामीण जमिनीपैकी निम्मी जमीन ५०० हूनही कमी मालकांच्या हाती असल्याचे २०१४ च्या जमीन सुधारणेच्या चर्चेत वारंवार मांडले गेले. त्या मालकांच्या शोधार्थ मात्र सरोवराकाठी अद्याप एकही मोहीम निघालेली नाही.