विंडोज १० ची मुदत संपली, मग घरचा कॉम्प्युटर भंगारात काढायचा का?

१४ ऑक्टोबर २०२५ या दिवशी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० साठीचे नेहमीचे मोफत अपडेट थांबवले. जुलै २०१५ मध्ये आलेली ही प्रणाली आजही असंख्य घरांत रोज वापरली जाते.

पुणे-सोलापूर महामार्गावरचं मोहोळच घ्या. तालुक्याच्या अशा गावात घरचा कॉम्प्युटर दर तीन वर्षांनी बदलला जात नाही. कुणाच्या एमएस-सीआयटीसाठी किंवा लॉकडाऊनमधल्या ऑनलाइन शाळेसाठी आलेल्या मशिनवरच पुढे शिष्यवृत्तीचे अर्ज भरले जातात, सातबारा काढला जातो, बँकेचे व्यवहार होतात. आता स्क्रीनवर 'सपोर्ट संपला' अशी सूचना दिसली की दोन सल्ले हमखास मिळतात: नवा घ्या, नाहीतर पैसे भरून अँटिव्हायरस टाका.

या दोन्हींची लगेच गरज नाही. पण 'चालतोय ना, मग चालू द्या' हेही धोक्याचं आहे.

अपडेट थांबले म्हणजे नेमकं काय झालं?

कॉम्प्युटर बंद पडत नाही. फक्त प्रणालीत नव्याने सापडणाऱ्या फटी बुजवल्या जात नाहीत. त्या फटींतून काय घडू शकतं, हे महाराष्ट्राने पाहिलं आहे. मार्च २०१७ मध्ये मायक्रोसॉफ्टने विंडोजमधल्या एका गंभीर फटीवर दुरुस्ती दिली. अनेकांनी ती टाकलीच नाही. मे महिन्यात 'वॉनाक्राय'ने त्याच फटीतून जगभर धुमाकूळ घातला. जूनमध्ये आलेल्या 'नॉटपेट्या'ने इतर युक्त्यांबरोबर तीच फट वापरली, आणि न्हावा-शेव्याच्या जेएनपीटी बंदरातल्या एका टर्मिनलचं काम विस्कळीत झालं.

दुरुस्ती तीन महिने आधीच उपलब्ध होती. प्रश्न ती वेळेवर टाकण्याचा होता.

विंडोज १० वर राहायचं तर काय करायचं?

आधी विंडोज ११ चालतं का ते पाहा. त्यासाठी ४ जीबी रॅम, ६४ जीबी जागा, टीपीएम २.० ही सुरक्षा चिप आणि ठरावीक प्रोसेसर लागतो. साधारण २०१८ च्या आधीची बहुतेक मशिन इथेच अडकतात. मायक्रोसॉफ्टचं 'पीसी हेल्थ चेक' हे मोफत ॲप ही तपासणी करून देतं.

मशिन बसत नसेल तर 'एक्स्टेंडेड सिक्युरिटी अपडेट्स' ही वाढीव मुदतीची योजना आहे. त्यात १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळतात. मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन करून विंडोजच्या सेटिंग्जचा बॅकअप चालू ठेवला, तर त्यासाठी पैसे लागत नाहीत. सेटिंग्जमधल्या 'विंडोज अपडेट' पानावर नोंदणीचा पर्याय दिसतो. तो दिसत नसेल तर विंडोज १० ची २२एच२ ही शेवटची आवृत्ती आहे ना, ते आधी तपासा.

वेगळा अँटिव्हायरस घ्यायचा का?

बहुतेक घरांना गरज नाही. विंडोजमध्ये डिफेंडर आणि फायरवॉल आधीपासूनच असतात. स्टार्ट मेनूत 'विंडोज सिक्युरिटी' उघडा आणि 'रिअल-टाइम प्रोटेक्शन' चालू आहे का ते पाहा. दुसरा अँटिव्हायरस असेल तर डिफेंडर बाजूला होतो. त्यामुळे त्या अँटिव्हायरसची मुदत संपलेली नाही ना, हेही बघून घ्या. संशय आला तर 'ऑफलाइन स्कॅन' करा. तो विंडोज सुरू होण्याआधीच तपासणी करतो, म्हणून लपून बसलेले व्हायरसही सापडू शकतात.

मात्र तीन सवयी डिफेंडरलाही निकामी करतात.

पहिली, विंडोज फुकटात 'ॲक्टिव्हेट' करणारं क्रॅक. ते टाकताना अँटिव्हायरस बंद करायला सांगतात, म्हणजे चोरासाठी कडी आपणच काढतो.

दुसरी, झेरॉक्सच्या दुकानात लावलेला पेनड्राइव्ह घरी आणून थेट उघडणं. आधी त्यावर राइट क्लिक करून स्कॅन करा.

तिसरी, फाइलचं पूर्ण नाव न पाहता ती उघडणं. फाइल एक्सप्लोररच्या 'व्ह्यू'मध्ये 'फाइल नेम एक्स्टेन्शन्स' चालू करा. मग 'यादी.पीडीएफ' वाटणाऱ्या फाइलच्या शेवटी 'ईएक्सई' असेल तर ते लगेच दिसेल.

कॉम्प्युटर हळू चालतो, त्याचं काय?

'स्पीड वाढवा' म्हणणारी ॲप टाकू नका. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही बटणं एकत्र दाबली की टास्क मॅनेजर उघडतो. त्यातल्या 'स्टार्टअप'मध्ये नको ते प्रोग्रॅम बंद करा. सेटिंग्जमध्ये 'स्टोरेज सेन्स' चालू केलं की तात्पुरत्या फाइल आपोआप साफ होतात. एसएसडी असेल तर जुन्या पद्धतीचं डीफ्रॅग करू नका, तिची निगा विंडोज स्वतःच ठेवतं. जुनी हार्ड डिस्क असेल तर ती बदलून एसएसडी बसवणं हा नव्या मशिनपेक्षा कितीतरी स्वस्त उपाय आहे.

सगळ्यात महत्त्वाचं काय?

बॅकअप. सप्टेंबर २०२५ मध्ये सीनेला आलेल्या पुराचं पाणी मोहोळ, माढा, करमाळा तालुक्यांतल्या नदीकाठच्या गावांत शिरलं. अशा वेळी कॉम्प्युटरमधली कागदपत्रं आणि लग्नाचे फोटो कोणताही अँटिव्हायरस वाचवू शकत नाही. अनुदान असो वा विमा, कागद तर लागतातच.

विंडोजमधली 'फाइल हिस्टरी' बाहेरच्या हार्ड डिस्कवर आपोआप प्रती ठेवते. मात्र काम झालं की ती डिस्क काढून वेगळ्या जागी ठेवा. कायम जोडलेली राहिली तर खंडणी मागणारा व्हायरस तिच्यावरच्या फाइलही कुलूपबंद करू शकतो. मोजकी कागदपत्रं क्लाउडवर ठेवली तर घरात पाणी शिरलं तरी ती हाताशी राहतात.

पुढे काय?

१३ ऑक्टोबर २०२६ नंतर पुन्हा निर्णय घ्यावा लागेल. नवं मशिन घेणं शक्य नसेल तर मोफत लिनक्स आहे. ब्राउझरवर चालणारी बहुतेक कामं त्यावरही होतात. ते आत्ताच पेनड्राइव्हवरून चालवून पाहिलं तर ऐनवेळी धावपळ होणार नाही.

आणि एवढं करूनही खात्यातून पैसे गेलेच, तर वेळ न घालवता १९३० या राष्ट्रीय सायबर हेल्पलाइनवर फोन करा. तक्रार जितकी लवकर नोंदवाल, तितकी पुढच्या खात्यात रक्कम रोखली जाण्याची शक्यता जास्त.