मोतीची वाटी

आपल्या लोकांचं प्रेम पोटातून सुरू होतं आणि पोटातच संपतं, हे माझं जुनं मत. पाहुण्याला "काही घेणार का?" विचारणं म्हणजे त्याचा अपमानच! ताटली सरळ समोर ठेवायची आणि वर "एवढंसंच काय घेतलंत?" म्हणायचं. जेवणाआधी गाईचा, कावळ्याचा, कुत्र्याचा घास बाजूला काढायची आपली रीत. मला ती मनापासून आवडते. पण इथे न्यू जर्सीत मेच्या अखेरीस मेमोरियल डे येतो, घरोघरी मागच्या अंगणात ग्रिल पेटतात, आणि मला ह्याच रीतीची धास्ती वाटायला लागते. कारण टेबलाखाली आमचा मोती बसलेला असतो.

मोती लॅब्रडॉर आहे. "बिचारा किती भुकेला दिसतोय" असं प्रत्येक पाहुणा म्हणतो. मंडळी, तो सकाळी पोटभर जेवलेला असतो! २०१६ साली केंब्रिजच्या संशोधकांनी दाखवलं, की साधारण चारातल्या एका लॅब्रडॉरच्या एका जनुकाचा तुकडाच गायब असतो, आणि त्यामुळे त्याची खा-खा जास्त असते. तेव्हा ते डोळे बघून विरघळू नका. ते डोळे खोटं बोलत नाहीत, पण खरंही सांगत नाहीत.

आता आपला बार्बेक्यूचा बेत बघा. तंदुरी चिकनला आलं-लसूण, कबाबात कांदा, पनीरच्या काडीवर पुन्हा कांदा. कांदा आणि लसूण कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतात. शिजवून, भाजून तो गुण जात नाही, आणि त्यांची पूड तर जास्तच कडक. त्यातून परिणाम दिसतो काही दिवसांनी. तोवर कोणी काय भरवलं होतं ते कोणाला आठवतंय? द्राक्षं आणि बेदाण्यांनी मूत्रपिंड निकामी होऊ शकतं, मग ते शिऱ्यातले चार बेदाणे का असेनात. असं का होतं हे बरीच वर्षं कोडं होतं. २०२१ साली अमेरिकेतल्या पशुवैद्यांनी टार्टारिक आम्लाकडे बोट दाखवलं. तेच आम्ल चिंचेत भरपूर असतं, आणि चिंच खाऊन कुत्रे आजारी पडल्याच्या नोंदीही आहेत. म्हणजे आपली आंबटगोड चटणीसुद्धा यादीत आली! शिवाय चॉकलेट, बिनसाखरेच्या गोळ्यांमधलं झायलिटॉल, भाजलेली हाडं (ती चिरफाळतात), आंब्याची कोय, कबाबच्या लाकडी काड्या, आणि ग्रिलखाली चरबी ठिबकून खमंग झालेले कोळसे.

आणि कणीस. गेल्या उन्हाळ्यात आमच्या ओळखीतल्या एका घरी सात वर्षांच्या मुलीने दाणे खाऊन उरलेला दांडा लाडाने कुत्र्यापुढे धरला. त्याने दोन घासांत संपवला. सगळे हसले. तिसऱ्या दिवशी आतड्यातून तो तुकडा शस्त्रक्रिया करून काढावा लागला. कुत्रा वाचला, काही हजार डॉलर गेले, ते ठीक. पण ती मुलगी अजून त्याला हाताने काही देत नाही. तिला कोणी एका शब्दाने बोललं नव्हतं हो! पण पोरांना कळतं. मला त्या बिलापेक्षा हे जास्त लागलं. तिथे वीस मोठी माणसं होती आणि कुत्र्याकडे लक्ष ठेवायचं काम त्यांतल्या एकाचंही नव्हतं.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे. बार्बेक्यूला कुत्रा असेल तर कोळसे पेटायच्या आधी एका मोठ्या माणसाचं नाव ठरवा. "सगळे बघतील" म्हणजे कोणीच बघणार नाही. तासातासाने पाळी बदला हवं तर. त्याने हाताजवळचं ताट, कचऱ्याच्या पिशवीचं तोंड आणि ग्रिलपासूनचं अंतर बघायचं. ऊनही बघायचं. कुत्र्याला आपल्यासारखा घाम येत नाही, तो मुख्यतः ल्हाल्हा करून अंग थंड करतो. पग, बुलडॉग अशा चपट्या नाकाच्यांना तेही नीट जमत नाही. सावली आणि पाणी हवंच. फरशीवर हाताची मागची बाजू सात सेकंद टेकवता येत नसेल तर त्याचे पायही भाजतात. लाळ फार गळायला लागली, तोल जायला लागला, तर अंगावर पाणी ओतत, वारा घालत लगेच डॉक्टर गाठायचा.

आणि असं कोणी मोकळं नसेल तर त्याला आतल्या थंड खोलीत ठेवा. "कोंडून काय ठेवता बिचाऱ्याला?" असं विचारणाऱ्या आत्यांना माझं उत्तर, की ती शिक्षा नाही. अनोळखी तीस पायांपेक्षा त्याला त्याची गादी प्रिय असते. चार जुलैला तर अंधार पडायच्या आत तो आतच हवा, गळ्यात नाव-नंबर असलेला पट्टा घालून. फटाक्यांना घाबरून कुंपण ओलांडणारे कुत्रे दरवर्षी असतात.

आमचे एक काका फोनवर म्हणाले, "गावाकडे आपले कुत्रे काय वाट्टेल ते खायचे, काय झालं त्यांना?" काका, ते शिळी भाकरी खायचे, गार्लिक पावडर लावलेलं चिकन नाही. आणि त्यातले किती, कशाने गेले ह्याचा हिशोब कोणी ठेवला होता? एक दिवस दिसेनासा झाला, की आपण "गेला कुठेतरी" म्हणायचो.

पण खाऊ घालायची हौस मारून टाका असं मी म्हणत नाही. आमच्याकडे त्यावर एक साधा तोडगा आहे. टेबलावर मोतीची वेगळी वाटी असते. त्यात बिनमिठाचं, बिनमसाल्याचं उकडलेलं चिकन, गाजराचे तुकडे, बिया काढलेलं कलिंगड. दिवसभरात त्याला वरचं म्हणून जेवढं चालतं तेवढंच, त्याच्या रोजच्या खाण्याच्या दहाव्या हिश्शाहून कमी. ज्याला प्रेम उतू जातंय त्याने त्या वाटीतून द्यावं. वाटी संपली की प्रेम डोक्यावरून हात फिरवून करावं. लहान मुलांना हा नियम मोठ्यांपेक्षा लवकर कळतो, हा आमचा अनुभव.

घास काढून ठेवायची आपली रीत चांगलीच आहे. फक्त तो घास आपल्या ताटातला नको, त्याच्या पोटाला चालणारा हवा.

असो. तुमच्याकडे कसं करता, जरूर लिहा. आणि ह्या चार जुलैला आमच्याकडे येणाऱ्यांनो, वाटी कुठे आहे ते आल्या आल्या विचारा!