किल्ली आणि कुलूप



फाय, बीटा, कॅपा ही ग्रीक अक्षरे. ती जोडून अमेरिकेतील एका संस्थेचे नाव झाले आहे. ५ डिसेंबर १७७६ रोजी व्हर्जिनियातील विल्यम अँड मेरी महाविद्यालयाच्या काही विद्यार्थ्यांनी ती स्थापन केली. एकत्र जमावे, वादविवाद करावा, मोकळेपणाने विचार करावा, हा त्यांचा हेतू. आज ती हुशार विद्यार्थ्यांची मानाची संस्था आहे. अर्ज करून तिचे सभासद होता येत नाही. विद्यापीठातील शाखाच निवड करते. लहानशी सोनेरी किल्ली हे तिचे चिन्ह.

असा मान मिळाला तर कोणाला आवडणार नाही? पण निवड करणारीही शेवटी माणसेच असतात. या संस्थेत स्त्रियांना प्रथम प्रवेश मिळाला तो १८७५ साली, व्हर्माँट विद्यापीठात. म्हणजे स्थापनेनंतर जवळजवळ शंभर वर्षांनी! तोपर्यंत मुली काय हुशार नव्हत्या? तेव्हा निवड झाली नाही म्हणजे गुण नाही, असे कधीही समजू नका.

१९६५ चे नोबेल पारितोषिक मिळवणारे पदार्थवैज्ञानिक रिचर्ड फाइनमन शाळेत असताना हुशार मुलांच्या अशाच एका मंडळात होते. आणखी कोणाला आत घ्यावे, याचीच चर्चा तेथे चाले, असे त्यांनी पुढे सांगितले. मोठेपणी तोच अनुभव आला म्हणून त्यांनी अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीचाही राजीनामा दिला.

मग अशा संस्था नकोतच काय? मला तसे वाटत नाही. १८८६ साली कॉर्नेल विद्यापीठात सुरू झालेली ‘सिग्मा झाय’ ही संस्था पाहा. तीही मानाचीच, पण ती संशोधन करणाऱ्या विद्यार्थ्यांना प्रयोगासाठी अनुदान देते आणि एक उत्तम विज्ञान-नियतकालिक चालवते. एखाद्या विद्यार्थ्याचा अडलेला प्रयोग तिच्या मदतीने पुढे सरकतो.

तुमच्याही वाट्याला पुढे असे बोलावणे येईल, कदाचित येणारही नाही. आले तर एवढेच विचारा : ‘येथे येऊन मी काय शिकेन? कोणाच्या उपयोगी पडेन?’ उत्तर मिळाले तर आनंदाने जा. आणि बोलावणे आले नाही, तर एकत्र जमून विचार करायला कोणाची परवानगी लागते? त्या १७७६ च्या मुलांना तरी कोणी बोलावले होते?

किल्लीचा मान ती उघडते त्या कुलपामुळे. नुसती छातीवर मिरवायला ती कशाला हवी?