आणले, की केले?

बायॉनच्या चॉकलेटची गोष्ट कुठेही वाचा, एक क्रियापद ठरलेले असते. ज्यूंनी इथे चॉकलेट 'आणले'. माहितीपत्रकात हेच, प्रवासवर्णनात हेच, खाद्यसंस्कृतीवरच्या जाडजूड ग्रंथातही हेच. आणले, पूर्णविराम. पुढचे वाक्य थेट दुकानांकडे वळते. कमानींखालची सुबक दुकाने, पेल्याच्या काठावर आलेला चॉकलेटचा फेस, आणि फ्रान्सला चॉकलेटची ओळख करून देणारे शहर हा बायॉनचा मान.

क्रियापद वरवर कृतज्ञतेचे आहे. नीट ऐकले तर ते हमालाचे आहे. हमाल गाठोडे आणतो, उंबऱ्याशी टेकवतो आणि निघून जातो. आतला माल घरच्यांचा.

कोकोच्या बिया कुणीही आणील. त्या कडू असतात, तुरट असतात, तशा खाल्ल्या तर तोंड वाकडे होते. बी आणि चॉकलेट यांच्यामध्ये जे असते ते हातात असते. सतराव्या शतकात चॉकलेट ही खायची वडी नव्हती, प्यायची चीज होती. बिया भाजायच्या, पाखडून टरफले काढायची, मग दगडावर वाटायच्या. तो दगड आपल्या पाट्याचाच भाऊबंद. फक्त मधे खोलगट, तीन पायांवर उभा, आणि खाली निखारे. वरवंटा दोन्ही हातांनी धरायचा. निखारे कमी पडले तर बियांतले लोणी सुटत नाही, वाटण भुरभुरीत राहते. जास्त झाले तर जळका वास येतो आणि सगळा घाणा वाया जातो. लोणी सुटून लगदा तुकतुकीत झाला की साखर, दालचिनी, व्हॅनिला. पुन्हा वाटायचे. हे सगळे गुडघ्यांवर बसून. 1732 साली द्युब्युसाँ नावाच्या फ्रेंच गृहस्थाने खाली विस्तव असलेले उंच टेबल सुचवले, तेव्हा कुठे उभ्याने वाटायची सोय झाली. टेबल सुचवणाऱ्याचे नाव इतिहासाला ठाऊक आहे. त्याआधी शंभर वर्षे ज्यांचे गुडघे झिजले त्यांचे नाही.

हे गुडघे नदीपलीकडून यायचे. बायॉन आदूर नदीच्या एका काठावर. समोरच्या काठावर सँतेस्प्री ही वस्ती. पोर्तुगालमधून आणि स्पेनमधून निसटलेल्या ज्यूंना राहायची मुभा होती ती तिथे. सँतेस्प्री म्हणजे पवित्र आत्मा. ज्यूंच्या वस्तीला ख्रिस्ती त्रैक्यातले नाव, हा योगायोग कुणाला खटकल्याचे दिसत नाही. दिवसा पूल ओलांडून शहरात यायचे. बायॉनच्या बड्या घरांत वाटायचा दगड घेऊन जायचे, घरच्यांसमोर चॉकलेट करून द्यायचे. संध्याकाळ झाली की दगड उचलून परत. शहरात रात्र काढायची नाही. चॉकलेट मात्र रात्री शहरातच राहायचे.

कागदोपत्री ही माणसे ज्यू नव्हतीच. 1497 साली पोर्तुगालच्या राजाने सरसकट सगळ्यांना बाप्तिस्मा देऊन 'नवे ख्रिस्ती' करून टाकले होते. 1536 साली तिथे इन्क्विझिशन आले आणि हे नवे ख्रिस्ती घरात शनिवार पाळतात का, डुकराचे मांस टाळतात का, याची चौकशी सुरू झाली. पळून फ्रान्समध्ये आले ते 'पोर्तुगीज व्यापारी' या नावाने. 1550 साली दुसऱ्या हेन्रीने त्यांना याच नावाने सनद दिली. राजाला ठाऊक होते, नगरपालांना ठाऊक होते, शेजाऱ्यांना ठाऊक होते. पैसा आणि व्यापार हवा होता, म्हणून सर्वांनी मिळून ठाऊक नसल्याचे ठरवले. ज्यू म्हणून उघड मान्यता मिळाली ती 1723 साली, तीही राजाच्या खजिन्यात रक्कम भरून.

आता 1761 कडे या. या एका सालासाठीच एवढे लिहिले.

त्या साली बायॉनच्या चॉकलेट करणाऱ्यांनी आपले गिल्ड स्थापन केले. आता स्थानिक कारागीरही पुरेसे झाले होते. गिल्ड म्हटले की नियमावली आली, नियमावली म्हटली की दर्जा, शिस्त, सचोटी हे शब्द आले. त्या शब्दांच्या आडोशाने एक सरळ अट होती. ज्यूंना बायॉनमध्ये चॉकलेटचा धंदा करता येणार नाही. जी कला या शहराने त्यांच्या हातून घेतली, तीच त्यांना शहरात बंद.

अन्याय उघड आहे, त्याबद्दल वेगळे बोलायची गरज नाही. बोलायचे आहे ते या नियमाच्या दुसऱ्या बाजूबद्दल. जे विकले जात नाही त्यावर बंदी कुणी घालत नाही. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी कुणीतरी गाठोडे टेकवून निघून गेले असते, तर 1761 साली गिल्डला त्यांची नावनिशी कशाला लागली असती? गिल्डला भीती वाईट चॉकलेटची नव्हती. वाईट चॉकलेट आपोआप मरते. भीती होती ती नदीपलीकडून रोज येणाऱ्या चांगल्या चॉकलेटची, आणि ते मागणाऱ्या बायॉनच्याच गिऱ्हाइकांची. त्याआधी, सतराव्या शतकाच्या शेवटी, नगरपालांनी ज्यूंच्या चॉकलेट विक्रीवर निर्बंध घातलेच होते. ते पुरले नाहीत, म्हणून गिल्ड लागले.

या माणसांच्या दुकानांवर पाट्या नव्हत्या, कारण शहरात दुकान नव्हते. त्यांच्या कारागिरीची साक्ष मग कुठे सापडते? त्यांना हाकलणाऱ्यांच्या दप्तरात. बंदीहुकूम हाच त्यांच्या कौशल्याचा दाखला. हा दाखला शत्रूने लिहून दिलेला आहे, म्हणून त्यावर जास्त विश्वास ठेवावा.

सँतेस्प्रीचे लोक गप्प बसले नाहीत. प्रकरण बोर्दोच्या पार्लमांपुढे, म्हणजे त्या प्रांताच्या वरिष्ठ न्यायपीठापुढे गेले. 1767 साली गिल्डची नियमावली रद्द झाली. सहा वर्षे. हमाल न्यायालयात जात नाही. धंदा ज्याचा असतो तोच जातो.

फ्रान्समध्ये चॉकलेट कसे आले, याची दुसरीही गोष्ट आहे, आणि तीच जास्त सांगितली जाते. 1615 साली स्पेनची राजकन्या ॲन तेराव्या लुईशी लग्न करून आली, तिच्याबरोबर चॉकलेट आले. किंवा 1660 साली मारिया तेरेसा चौदाव्या लुईशी लग्न करून आली, तिच्याबरोबर आले. हे दुसरे लग्न लागले साँ-झाँ-द-ल्यूझला, म्हणजे बायॉनच्या शेजारीच. त्याच्या आदल्या वर्षी, 1659 मध्ये, दाव्हिद शायू नावाच्या गृहस्थाला चॉकलेट करण्या-विकण्याचा 29 वर्षांचा राजपरवाना मिळाला होता. राणीचा रुखवत, राजाची मोहोर. इतिहासाला असे पदार्थ आवडतात. निर्वासिताच्या पाठीवरचा दगड त्या चित्रात बसत नाही.

राणीबद्दलही 'आणले' हेच क्रियापद वापरतात. पण राणीने आणले की ते वाण होते, निर्वासिताने आणले की सामान. शब्द एकच, वजन वेगळे.

चर्चलाही चॉकलेटने बराच काळ छळले. प्रश्न आपल्याकडच्या कोणत्याही एकादशीला शोभेल असा होता. चॉकलेट प्यायल्याने उपास मोडतो का? 1636 साली माद्रिदमध्ये आन्तोनियो दे लेओन पिनेलो याने या एका प्रश्नावर अख्खे पुस्तक लिहिले. पाण्यात किती पीठ, किती मसाला घातला की पेयाचे अन्न होते, याची त्यात बारकाईने छाननी आहे. 1664 साली रोममध्ये कार्डिनल ब्रांकाच्चो यांनी निर्वाळा दिला, द्रवाने उपास मोडत नाही. पेय सुटले. आणि पिनेलो कोण? पोर्तुगालच्या नव्या ख्रिस्त्यांच्या घराण्यातला. त्याच्या आजोबांना गुप्तपणे ज्यू धर्म पाळल्याच्या आरोपावरून लिस्बनमध्ये इन्क्विझिशनने जाळले होते. ख्रिस्ती उपास किती काटेकोर पाळावा, हे नातू जगाला समजावून सांगत होता. त्या काटेकोरपणात किती श्रद्धा आणि किती धास्ती, हे ज्याचे त्याने ठरवावे.

या इन्क्विझिशनचा हात आपल्या दारापर्यंत पोचला होता. गोव्यात औषधी वनस्पतींवर ग्रंथ लिहिणारा गार्सिया द ऑर्ता 1568 साली वारला. त्याचे मूळ ज्यू, म्हणून 1580 साली त्याची हाडे थडग्यातून उकरून जाळली. त्याच सुमारास इथून जवळच, कोकणात, बेने इस्रायल तेलाचे घाणे चालवत होते. शनिवारी घाणा बंद, म्हणून गाव त्यांना शनिवार तेली म्हणे. कोकणातल्या जातीपातीची भलामण करायचे कारण नाही. पण त्या नावात धंदा आणि धर्म दोन्ही आहेत, आणि दोन्ही त्यांचेच आहेत. तेल त्यांनी 'आणले' असे कोकणात कुणी म्हटलेले ऐकिवात नाही.

बायॉनला जे झाले ते समुद्रापलीकडेही झाले. मार्तिनिक बेटावर सतराव्या शतकाच्या मध्यावर बेंजामिन दा कोस्ता द आंद्राद या ज्यू मळेवाल्याने कोकोची लागवड आणि प्रक्रिया सुरू केली. 1685 साली चौदाव्या लुईने वसाहतींतल्या गुलामांसाठी कायदा केला, तो कोड न्वार म्हणून कुप्रसिद्ध आहे. गुलामांच्या कायद्याचे पहिले कलम गुलामांबद्दल नाही. ते ज्यूंबद्दल आहे. तीन महिन्यांत बेटे सोडा. कोकोची झाडे बेटावर राहिली, राबणारे गुलामही राहिले. तेव्हा या गोष्टीत निव्वळ निरागस कुणी शोधू नये. बायॉनच्या पेल्यातली साखर आणि कोको गुलामांच्याच घामातून येत होते, पेला ज्यूने भरलेला असो की ख्रिस्त्याने. पण हद्दपारीची तऱ्हा ओळखीची आहे. माल ठेवायचा, माणूस घालवायचा.

पुढचे भराभर. 28 जानेवारी 1790 रोजी फ्रान्सच्या राष्ट्रसभेने बोर्दो आणि बायॉनकडच्या या ज्यूंना नागरिक मानले. 1837 साली सँतेस्प्रीत सिनेगॉग उभे राहिले. 1857 साली सँतेस्प्री बायॉन शहरात सामील झाले. ज्यांना रात्री थांबू दिले नव्हते, त्यांची वस्ती शहराने कायद्याने आपल्यात घेतली. 1887 साली याच शहरात एका ज्यू घरात रने कासाँ जन्मला. 1948 च्या मानवी हक्कांच्या जागतिक जाहीरनाम्याचा तो एक प्रमुख शिल्पकार, 1968 साली शांततेच्या नोबेलचा मानकरी.

आजचे बायॉन हा इतिहास लपवत नाही, हे मान्य केले पाहिजे. चॉकलेटच्या उत्सवात ज्यूंचा उल्लेख होतो, आदराने होतो. तक्रार आहे ती एका शब्दापुरती. 'आणले' काढून तिथे 'केले' लिहा. वाटले, केले, विकले, आणि त्यासाठी कोर्टात जिंकले. चार क्रियापदे होतात, माहितीपत्रकात मावतील.

बायॉनची नावाजलेली चॉकलेटची दुकाने पोर-नफ गल्लीत कमानींखाली आहेत. त्यातल्या एका दुकानाचे साल 1854. गल्ली शहराच्या बाजूला आहे. सिनेगॉग नदीपलीकडे आहे. मध्ये तोच पूल.