तोट्याला वारस, वेतनाला कोण?

औरंगपुऱ्याजवळच्या पैठण दरवाजापासून पैठणची वाट धरली की चितेगाव लागते. तेथील व्हिडिओकॉनच्या कारखान्याने छत्रपती संभाजीनगरचे, तेव्हाच्या औरंगाबादचे, नाव दूरचित्रवाणी संचांबरोबर घरोघरी नेले. हाच उद्योग ६ जून २०१८ रोजी राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाच्या मुंबई पीठाने स्टेट बँकेच्या अर्जावरून दिवाळखोरीच्या प्रक्रियेत घेतला. पुढे व्हिडिओकॉन समूहातील तेरा कंपन्यांची प्रकरणे एकत्र करण्यात आली. मान्य झालेले दावे सुमारे ६४,८३८ कोटी रुपयांचे होते. ८ जून २०२१ रोजी मंजूर झालेली वेदान्त समूहातील ट्विन स्टार टेक्नॉलॉजीजची योजना सुमारे २,९६२ कोटींची होती. म्हणजे शंभर रुपयांच्या देण्यापोटी चार रुपये आणि काही पैसे. खरेदीदार जवळजवळ काहीच देत नाही, असे मंजुरी देणाऱ्या न्यायाधिकरणालाच आपल्या आदेशात लिहावे लागले. कंपनी मोडीत काढली असती तर येणारी किंमत सुमारे २,५६८ कोटी धरली होती. देऊ केलेली रक्कम तिच्याच आसपास घुटमळत होती.

या व्यवहाराला कायद्याच्या भाषेत पुनर्रचना म्हणतात. २०१६ च्या दिवाळखोरी संहितेच्या उद्देशिकेत हा शब्द आरंभीच येतो. मात्र संहितेच्या व्याख्यांत तो सापडत नाही. व्याख्या आहे ती ‘निराकरण योजने’ची, आणि २०१९ च्या दुरुस्तीने तीत विलीनीकरण व विभाजन यांचाही समावेश केला. कंपनीचे भाग, कर्जे, तारणे आणि मालमत्ता यांची नवी मांडणी एवढाच या शब्दाचा कायदेशीर आशय उरतो. ज्या माणसांच्या श्रमांवर उद्योग उभा राहिला, त्यांचे स्थान या मांडणीत कोठे, हा प्रश्न संहितेला मध्यवर्ती वाटलेला नाही.

निर्णय घेते धनको समिती, आणि तिच्यात मतदानाचा अधिकार कर्ज देणाऱ्या बँका व वित्तसंस्थांचा. वेतन थकलेला कामगार आणि सुटे भाग पुरविणारा लहान कारखानदार हे दोघेही कायद्याने एकाच वर्गात, व्यवहारजन्य धनकोंत, बसविले आहेत. या वर्गाचे एकूण देणे दहा टक्क्यांपर्यंत पोहोचले तर त्याच्या प्रतिनिधीला बैठकीत बसता येते. मत मात्र देता येत नाही. व्हिडिओकॉनच्या योजनेत व्यवहारजन्य धनकोंच्या वाट्याला शेकडा एक रुपयाही येत नव्हता. मंजुरीविरुद्ध अपील यशस्वी झाले ते बँक ऑफ महाराष्ट्रसारख्या असहमत वित्तसंस्थांचे. त्यांना रोखीऐवजी कर्जरोखे देऊ केले होते. ५ जानेवारी २०२२ रोजी अपिलीय न्यायाधिकरणाने मंजुरी रद्द करून प्रकरण धनको समितीकडे परत पाठविले. न्याय मिळाला, पण तोही ज्यांच्या हाती मत होते त्यांनाच.

खरी विसंगती दिसते ती दिवाळखोरीचा कायदा आणि कराचा कायदा शेजारी ठेवून वाचल्यावर. दिवाळखोरीचा कायदा सांगतो की योजना मंजूर होताच पाटी कोरी होते. १३ एप्रिल २०२१ रोजी घनश्याम मिश्रा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की योजनेत नसलेले सर्व दावे, सरकारी करांसह, संपुष्टात येतात. याचा अर्थ, देण्यांपुरती कंपनी नवी. कराच्या कायद्यात मात्र तीच कंपनी जुनी राहते. भागधारक बदलले की खासगी कंपनीचा मागील तोटा पुढे ओढता येऊ नये, असा आयकर कायद्याचा नियम होता. २०१८ च्या वित्त कायद्याने मंजूर निराकरण योजनांना त्यातून सूट दिली. आजारी उद्योगाचा तोटा विलीनीकरणानंतर नव्या मालकाच्या नफ्यातून वजा करू देणारे कलम ७२-अ तर १९७७ पासूनचे. त्याला अटी होत्या: मालमत्तेचा तीन-चतुर्थांश भाग पाच वर्षे राखावा, व्यवसाय पाच वर्षे चालवावा. कामगार किती राखावेत, त्यांची थकबाकी आधी फेडावी की नाही, याविषयी त्या कलमात अक्षर नव्हते. शिवाय भांडवली कामासाठी घेतलेले कर्ज माफ झाल्यास ते करपात्र उत्पन्न नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली महिंद्र अँड महिंद्र प्रकरणात ठरविले होते.

थोडक्यात, तोटा ही मिळकत असल्याने तिला वारस आहे. वेतन हे देणे असल्याने ते निपुत्रिक मरते. एकच कंपनी एका कायद्यासाठी नवजात आणि दुसऱ्यासाठी वयोवृद्ध ठरते, आणि दोन्ही वेळा लाभ खरेदीदाराचा होतो.

जुनी देणी गळ्यात पडणार असतील तर बुडीत कारखाना कोणी घेणार नाही, आणि बंद कारखाना कोणालाच वेतन देत नाही, असा युक्तिवाद यावर केला जातो. त्यात तथ्य आहे. परंतु कराची सवलत म्हणजे सार्वजनिक तिजोरीतून दिलेले साहाय्य होय. ते देताना वेतनाची थकबाकी आणि रोजगाराची हमी मागणे यात अन्याय कोणता?

दुसरा मार्ग याच शहराने पाहिला आहे. १८८९ साली सुरू झालेली औरंगाबादची कापड गिरणी १९७४ च्या कायद्याने राष्ट्रीयीकृत झालेल्या १०३ आजारी गिरण्यांपैकी एक होती, आणि त्या कायद्याने गिरण्यांबरोबर कामगारही नव्या महामंडळाच्या सेवेत घेतले. कुर्ल्याची कमानी ट्यूब्ज १९८८ साली कामगारांच्या सहकारी संस्थेकडे आली. गिरण्या पुढे आजारीच राहिल्या, कमानीचा प्रयोगही अडचणीत आला, हे लपविण्याचे कारण नाही. पण कामगार हा पुनर्रचनेचा कर्ता असू शकतो, हे तेव्हा कायद्याने मान्य केले होते.

आजच्या कायद्यातही फटी आहेत, आणि त्या लढूनच रुंद झाल्या आहेत. कंपनी मोडीत निघाल्यास आधीच्या २४ महिन्यांचे कामगारांचे देणे तारणधारक बँकांच्या बरोबरीने येते. जेट एअरवेजच्या कामगारांनी भविष्यनिर्वाह निधी आणि ग्रॅच्युइटी पूर्ण देण्याचा निर्णय मिळविला. ३० जानेवारी २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो कायम ठेवला. उलट, प्रक्रियेच्या काळातील वेतन अग्रक्रमाने हवे असेल तर उद्योग चालू होता व कामगाराने प्रत्यक्ष काम केले, हे सिद्ध करावे लागते, असे त्याच न्यायालयाने एप्रिल २०२२ मध्ये म्हटले. फाटकाबाहेर ठेवलेल्याने ते कसे सिद्ध करावे?

म्हणून मागण्या स्पष्ट हव्यात. धनको समितीत मान्यताप्राप्त संघटनेला मत मिळावे. तोटा पुढे नेण्याची सवलत थकबाकीची फेड आणि रोजगार राखण्याच्या अटीवरच मिळावी. कामगारांच्या सहकारी संस्थेला योजना मांडण्यासाठी सार्वजनिक बँकांनी कर्ज द्यावे.

कायदा बदलेपर्यंत कार्यकर्त्यांसाठी एक काम तातडीचे आहे. चिकलठाणा, वाळूज वा पैठण रस्त्यावरील एखाद्या कारखान्याची दिवाळखोरीची जाहीर सूचना निघाली की मुदतीच्या आत प्रत्येक कामगाराचा दावा दाखल झाला पाहिजे. नमुना ‘ई’ने कामगारांच्या प्रतिनिधीला तो एकत्रितपणे करता येतो. हजेरीपत्रक, वेतनचिठ्ठी आणि भविष्यनिर्वाह निधीचा उतारा आजच जपून ठेवावा. जो दावा नोंदला गेला नाही, तो मंजुरीच्या दिवशी मेला. त्यानंतर उरते ती औरंगपुऱ्यातील वाण्याच्या वहीतली उधारी, आणि ती वही कोणत्याही न्यायाधिकरणाच्या आदेशाने कोरी होत नाही.