व्हायवा संपली, पुढे काय?

इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला तीन-चार जणांनी मिळून एक प्रोजेक्ट करायचा असतो. गाईड ठरतो, रिव्ह्यू होतात, ब्लॅक बुक छापलं जातं, बाहेरचे परीक्षक येऊन व्हायवा घेतात. त्यानंतर सर्किट कपाटात आणि कोड कुणाच्या तरी जुन्या लॅपटॉपमध्ये पडून राहतो. काही ग्रुप तर पैसे मोजून तयार प्रोजेक्टच विकत घेतात.

गेली काही वर्षं मी ओळखीतल्या मुलामुलींना प्रोजेक्टमध्ये मदत करतो. त्यावरून सांगतो, हा सौदा सगळ्यांत महाग आपल्यालाच पडतो. आपल्यातले कितीतरी जण घरातले पहिलेच इंजिनिअर असतात. कंपनीत शब्द टाकणारे काका-मामा नसतात. मुलाखतीत ‘तुम्ही स्वतः काय केलंत?’ असं विचारलं, की दाखवायला एवढा एकच प्रोजेक्ट असतो. तोही विकतचा असेल, तर दुसऱ्याच प्रश्नाला गाडी अडते.

विद्यार्थी काय करू शकतात, याचं उदाहरण पुण्यातच आहे. सीओईपीच्या विद्यार्थ्यांनी ‘स्वयम्’ नावाचा जेमतेम एक किलोचा उपग्रह बनवला. काम २००८ मध्ये सुरू झालं आणि २२ जून २०१६ रोजी इस्रोच्या पीएसएलव्ही-सी३४ यानाने तो श्रीहरिकोटाहून अवकाशात नेला. म्हणजे ज्यांनी सुरुवात केली, ते कधीच पदवी घेऊन बाहेर पडले होते. तरी काम थांबलं नाही, कारण प्रत्येक बॅचने ते पुढच्या बॅचच्या हाती दिलं. मला त्या उपग्रहाइतकंच या हातात हात देण्याचं कौतुक वाटतं.

आपल्याला उपग्रहच बनवायला हवा असं नाही. विषय आपल्या गल्लीत आहेत. भिवंडी-मालेगावच्या अनेक साध्या यंत्रमागांवर ताण्याचा धागा तुटला तरी माग चालूच राहतो आणि कापडात दोष येतो. धागा तुटताच माग थांबवणारं, लहान कारखानदाराला परवडणारं यंत्र हा उत्तम प्रोजेक्ट आहे. उर्दूची नस्तालीक लिपी तिरकी उतरते, शेजारच्या अक्षराप्रमाणे अक्षराचा आकार बदलतो, म्हणून संगणकाला ती वाचणं अवघड जातं. मोहल्ल्यातल्या वाचनालयातली जुनी पुस्तकं शोधता येतील अशी सोय करणं, हेही मोठं काम आहे. अशा विषयाचा आणखी एक फायदा आहे. यंत्र खरंच चालतं का, हे कारागीर तुम्हाला तोंडावर सांगतो. परीक्षकापेक्षा तो कडक असतो.

एक गोष्ट मुलांना स्पष्ट सांगायला हवी. ग्रुपमध्ये मुलगी असली की रिपोर्ट आणि पीपीटी तिच्याकडे, कोडिंग आणि सोल्डरिंग आपल्याकडे, ही वाटणी मी वारंवार पाहतो. तिचं अक्षर चांगलं आहे, हे कारण होऊ शकत नाही. आणि मैत्रिणींनो, पहिल्याच बैठकीत कामाचा तांत्रिक भाग मागून घ्या. मुलाखतीत प्रश्न तुम्हालाही त्यावरच येणार आहेत.

यावर एक रास्त आक्षेप येतो, की परीक्षा, सबमिशन, प्लेसमेंट यातून वेळ कुठे आहे? खरं आहे. म्हणूनच प्रोजेक्ट लहान घ्या. चार गोष्टी अर्धवट करण्यापेक्षा एक गोष्ट नीट चालवा. काय जमलं, काय जमलं नाही आणि खर्च किती आला, हे साध्या मराठीत किंवा उर्दूत दोन पानांवर लिहा. कोड गिटहबवर ठेवा. आणि कॉलेज सोडण्याआधी ज्युनिअरपैकी दोघांना बसवून सगळं समजावून सांगा. त्यांना शून्यापासून सुरुवात करावी लागली नाही, तर तुमचा प्रोजेक्ट खऱ्या अर्थाने पास झाला.